परमनंट कधी होणार?



परदेशातील कायम वास्तव्याचा अर्ज हा विषय खरे म्हणजे एखाद्या वकिलाने मांडावा. मी वकील नव्हे. माझे शाळेतील शिक्षण दहावीपर्यंत झाले. पुढचे सातपूरच्या कारखान्यांच्या दारांत आणि कामगार न्यायालयाच्या बाकांवर. तरीही हा विषय माझ्याकडे चालत आला, तो असा.

आमच्या युनियनचे एक जुने सभासद आहेत. फिटर म्हणून निवृत्त झाले. सारे त्यांना नाना म्हणतात. सिडकोत त्यांचे घर आहे. मुलगा इंजिनियर होऊन अमेरिकेला गेला. वरचा मजला चढवायचा म्हणून नानांनी गच्चीवर कॉलमच्या सळया सोडून ठेवल्या, त्याला आता बारा वर्षे झाली. मुलगा म्हणतो, "इथले नक्की होऊ द्या, मग ठरवू." एके संध्याकाळी नाना माझ्याकडे आले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही एवढ्या पोरांना परमनंट केलंत. आमचा परमनंट कधी होणार? तिकडं युनियन नाही का?"

मी हसलो; पण रात्री झोप लागेना. कारण नानांनी शब्द अचूक वापरला होता. त्या अर्जाला इंग्रजीत जे नाव आहे, त्यातला पहिला शब्द आमच्या सातपूर-अंबडच्या प्रत्येक बदली कामगाराच्या तोंडी असतो. तेव्हा मी हे प्रकरण वाचायला घेतले.

ते थोडक्यात असे आहे. परदेशी इंजिनियरला अमेरिकेत काम करण्यासाठी एच-वन-बी नावाचा परवाना मिळतो. तो मालकामार्फत मिळतो, तीन वर्षांचा असतो आणि सामान्यतः सहा वर्षांपर्यंत चालतो. तिथे कायम राहायचे तर ग्रीन कार्ड लागते. बहुतेकांच्या बाबतीत त्याचीही खटपट मालकानेच सुरू करावयाची असते. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार जागा ठेवल्या. त्यांत अर्जदाराची पत्नी आणि मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना ७ टक्क्यांपेक्षा जास्त जागा साधारणपणे द्यावयाच्या नाहीत. देश लहान असो की आपल्याएवढा, माप एकच. उच्च शिक्षितांच्या दुसऱ्या वर्गात हा हिशेब वर्षाला जेमतेम २,८०० जागांवर येतो. इतर देशांच्या न वापरलेल्या जागा कधी मिळतात, कधी मिळत नाहीत.

अर्ज ज्या दिवशी दाखल झाला, ती तारीख म्हणजे रांगेतला नंबर. तिथले परराष्ट्र खाते दर महिन्याला एक पत्रक काढते आणि कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांची पाळी आली ते सांगते. २०२५ च्या उन्हाळ्यात या दुसऱ्या वर्गातील भारतीयांसाठी ती तारीख होती १ जानेवारी २०१३. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी रांगेत उभ्या राहिलेल्यांची पाळी त्या वेळी आली होती. ही तारीख पुढेच सरकते असेही नाही. कधी कधी ती मागे जाते. आमच्या नानांचा मुलगा दर महिन्याला ते पत्रक पाहतो, आणि त्याच्यामागून नानाही पाहतात. त्यांना इंग्रजी बेताचेच येते, पण 'इंडिया' हा रकाना ते बरोबर शोधतात. मुलाच्या हातातला पासपोर्ट आपल्याच नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. तो पुढे कोणत्या रांगेत उभा राहतो, हे आपल्याला ठाऊक नसते.

आता कोणी म्हणेल, वाट पाहण्यात काय बिघडले? पगार तर मिळतो ना? याचे उत्तर मला पुस्तकातून शोधावे लागले नाही.

ऐन उमेदीत मी सातपूरच्या एका कारखान्यात बदली म्हणून होतो. आपल्या राज्यातील नमुना स्थायी आदेशांत एक नियम होता: वर्षात २४० दिवस भरले की बदली किंवा तात्पुरत्या कामगाराला कायम करावे. नियम कामगाराच्या हिताचा. पण मालकांनी त्यावर तोड काढली. दिवस भरत आले की ब्रेक द्यायचा, आणि महिन्याभराने नव्या नावाने नवा कागद. १९७१ च्या कायद्याने कायमपणाचा हक्क बुडवण्यासाठी असे वर्षानुवर्षे तात्पुरते ठेवणे ही अनुचित कामगार प्रथा ठरवली. पण ते मला पुष्कळ पुढे कळले. तेव्हा मी फक्त दिवस मोजत असे.

आमच्या शॉपमध्ये एका प्रेसचे गार्ड तुटले होते. सगळ्यांना दिसत होते. मला साहेबांना सांगता आले असते. मी सांगितले नाही, कारण त्या दिवशी माझे २१२ दिवस भरले होते. आठ दिवसांनी त्या मशीनवर माझ्या शेजारच्या मुलाची दोन बोटे गेली. ब्रेक मला तरीही मिळालाच. मंडळी, मी पुढे युनियनच्या कामात पडलो त्याचे कारण मोठे तत्त्वज्ञान नव्हे. ती दोन बोटे होत.

तेव्हा वाट पाहण्यात काय बिघडते ते हे, की वाट पाहणारा माणूस गप्प बसतो. एच-वन-बीवरील माणसाची नोकरी गेली, तर नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला त्याला सर्वसाधारणपणे ६० दिवस मिळतात. आमचे २४० आणि त्यांचे ६०! तो मालक बदलू शकतो. मंजुरीचा एक टप्पा पार झाला असेल तर जुना नंबरही राहतो. परंतु नव्या मालकाला ग्रीन कार्डाचा सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. अशा माणसाला बढती नाकारली, जादा काम लादले, तर तो किती तोंड उघडेल? आणि मुलांचे काय? तीन वर्षांची मुलगी आईबापांबरोबर तिथे जाते, तिथल्या शाळेत वाढते. आणि रांग संपण्याच्या आत ती २१ वर्षांची झाली, की आईबापांच्या अर्जातून बहुधा गळते.

माझे काही सहकारी या तुलनेवर रागावतात. ते म्हणतात, "भाऊ, बारा तास उभा राहणारा कंत्राटी कामगार कुठे आणि डॉलरमध्ये कमावणारा कुठे!" त्यांचा राग योग्य आहे. पगाराचा ताजवा मी इथे धरलेलाच नाही. उपाशी माणसाचे दुःख आणि अनिश्चित माणसाचे दुःख एक नव्हे. पण दोघांना गप्प करण्याची तऱ्हा एकच आहे, आणि ती ओळखणे हा आमचा धंदा आहे.

दुसरा आक्षेप असा, की कोणाला घरात घ्यावे हा अमेरिकेचा प्रश्न. मान्य. 'नाही' म्हणण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. एके काळी त्या देशाने आपल्याला स्पष्ट 'नाही' म्हटलेही होते. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीयांना नागरिकत्व मिळू शकत नाही असा निकाल दिला. त्यानंतर मिळालेली नागरिकत्वेही काढून घेण्याची मोहीम निघाली. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित; त्यांना १९१४ मध्ये नागरिकत्व मिळाले होते, त्यांच्यावरही खटला झाला. पंडितांचे म्हणणे असे, की तुमच्या निर्णयावर विसंबून मी वकिली उभी केली, संसार मांडला. आता तो फिरवता येणार नाही. १९२६ मध्ये अपील न्यायालयात ते जिंकले. 'हो' असो की 'नाही', निर्णय मिळाला की माणसाला लढता येते. परंतु वर्षानुवर्षे काम घ्यायचे, कर घ्यायचे, आणि 'हो'ही म्हणायचे नाही, 'नाही'ही म्हणायचे नाही, याच्याविरुद्ध अपील कुठे करायचे?

आता नानांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. तिकडे युनियन नाही का? एकदा युनियनसारखे काहीतरी घडले होते. २००७ च्या जुलै महिन्यासाठी जवळजवळ सर्व वर्गांच्या तारखा खुल्या झाल्याचे जाहीर झाले. लोकांनी वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांना पैसे दिले, रजा काढल्या. आणि २ जुलैला सरकारने सांगितले, आता अर्ज घेणार नाही. 'लगे रहो मुन्नाभाई' हा चित्रपट आदल्याच वर्षी येऊन गेला होता. त्यातली गांधीगिरी उचलून रांगेतल्या भारतीयांनी १० जुलैला त्या खात्याच्या संचालकांकडे शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. संचालकांनी ती फुले जखमी सैनिकांच्या रुग्णालयाकडे पाठवून दिली. पण आठवड्याभरात, १७ जुलैला, सरकारने माघार घेतली आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. रांग संपली नाही. पण एकेकटे गप्प बसणारे लोक त्या महिन्यात एकत्र बोलले, एवढे खरे.

मी नानांना म्हणालो, अर्जदाराला जागा मिळेलच असे कोणी सांगू नये. पण वाट पाहणे माणुसकीचे करता येते. आपली पाळी अंदाजे केव्हा, हे कळावे. वाट पाहताना मालक बदलण्याची मोकळीक असावी. आणि मुले रांगेतून गळू नयेत. या तीन मागण्या मी सातपूरच्या गेटवरही मांडीन.

परंतु अमेरिकेकडे बोट दाखवून घरी जाणे सोपे आहे. आपल्या जिल्ह्यात काय चालते? सुरगाणा, पेठ, कळवणच्या आदिवासींनी पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीचे दावे २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दाखल केले. निर्णय रखडले. ६ मार्च २०१८ रोजी हजारो शेतकरी याच नाशकातून पायी निघाले आणि १२ तारखेला मुंबईच्या आझाद मैदानावर पोहोचले. त्यांच्या पायांचे फोड साऱ्या देशाने पाहिले. सहा महिन्यांत दावे निकाली काढू, असे आश्वासन मिळाले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, त्यांना पुन्हा मोर्चा काढावा लागला. ते कोणा परक्या देशात राहू द्या म्हणत नव्हते. आपल्याच बांधावर राहू द्या म्हणत होते. नानांच्या मुलासाठी आपला जीव तुटत असेल, तर तो यांच्यासाठीही तुटला पाहिजे.

आपण ज्या पटांगणात बसलो आहोत, ते देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या नावाचे आहे. सटाण्याचे मामलेदार असताना १८७०-७१ च्या दुष्काळात त्यांनी मंजुरीची वाट न पाहता सरकारी खजिना भुकेल्यांसाठी उघडला, असे आपल्या जिल्ह्यात सांगतात. लोकांनी त्या अधिकाऱ्याला देव केले. मला वाटते, त्यांच्या टेबलावर लोकांना ताटकळावे लागले नाही, याचेही ते ऋण असावे.

गेल्या महिन्यात नानांकडे गेलो होतो. गच्चीवरच्या सळया गंजल्या आहेत. नाना त्यांना सिमेंटचे पाणी लावत होते. मी म्हणालो, "नाना, कापून टाका आता." ते म्हणाले, "मजला होईल की नाही ते पोरगा ठरवील, भाऊ. पण सळया मी कापणार नाही." मला त्यावर काही सुचले नाही. खाली उतरलो, आणि हे व्याख्यान लिहायला बसलो.