पेशीची ओढ आणि फुफ्फुसाची वीण



या वसंत व्याख्यानमालेत बोलण्याचे आमंत्रण आम्हांस आले, तेव्हा चालकांची अपेक्षा अशी असावी की, आम्ही मजुरीचे दर, ऊसतोडीची उचल, मुकादमाचा हिशेब यांवर बोलू. गेली पंचवीस-तीस वर्षे आम्ही तेच बोलत आलो आहोत. पण आज आम्ही विषय घेतला आहे तो शरीरातील पेशी व तिच्या भोवतालची जाळी यांच्यातील ओढाताणीचा, आणि ती ओढाताण संगणकावर कशी मांडतात याचा. आमचे शाळेतील शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर आणि जाणत्यांना प्रश्न विचारून. तेव्हा अधिकाराने बोलण्याचा आमचा दावा नाही. मात्र या विषयाकडे आम्ही हौसेने वळलो नाही. एका प्रश्नाने आम्हांस तिकडे नेले. तो प्रश्न आधी सांगतो.

होळीच्या सुमारास आपल्या तालुक्यातली बाहेरगावी गेलेली माणसे परत येतात. काठीची होळी चुकवायची नाही, असा आपल्याकडचा रिवाज. अशाच एका होळीला आमचा एक जुना सहकारी घरी आला. दगड दळण्याच्या एका कारखान्यात त्याने पाच वर्षे काम केले होते आणि ते सोडून चार वर्षे झाली होती. क्षयाची औषधे दोनदा घेऊन झाली होती. सातपुड्याचा चढ डोक्यावर भारा घेऊन चढणारा हा माणूस, पण आमच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढून खाली बसला. दम खाऊन म्हणाला, “दादा, काम सोडून चार वर्षं झाली. मग दम अजून का वाढतो?”

हाच प्रश्न पुढे एका कचेरीतील साहेबांनी आम्हांस उलटा करून विचारला. “काम सोडून चार वर्षे झाली, तर आता वाढणारा दम कामामुळे कसा?” आम्ही युनियनची माणसे, उत्तराला सहसा कमी पडत नाही. पण त्या दिवशी आम्ही गप्प बसलो. सहकारी पुढच्या पावसाळ्यात गेला. प्रश्न राहिला.

हा एकट्याचा प्रश्न नव्हे. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला नर्मदा, आणि नर्मदेपलीकडे अलीराजपूर. त्या अलीराजपूरचे, तसेच झाबुआ व धार या जिल्ह्यांतले आदिवासी मजूर गोध्र्याकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. पांढऱ्या गारगोटीचे पीठ करायचे ते काम. त्या पिठाने शेकडो माणसे मेली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली भरपाईची शिफारस केली, आणि ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरात सरकारला २३८ मृत मजुरांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. या रोगाचे नाव सिलिकोसिस. घरी परतल्यावर आजार बळावला, अशीच यांतल्या पुष्कळांची कथा. धूळ मागे राहिली, घर डोंगरात, हवा स्वच्छ. तरी फुफ्फुस घट्ट होतच गेले. असे का व्हावे?

उत्तर समजण्यासाठी फुफ्फुसाच्या आत जावे लागते. आपल्या फुफ्फुसांत हवेच्या बारीक पिशव्या असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांची संख्या कोट्यवधी आहे. त्यांच्या भिंती अतिशय पातळ. त्या भिंतींतूनच प्राणवायू रक्तात उतरतो. आम्ही पूर्वी समजत असू की, शरीर म्हणजे विटांवर विटा रचाव्यात तशा नुसत्या पेशी. तसे नाही. पेशींच्या बाहेर, त्यांना धरून ठेवणारी धाग्यांची एक जाळी असते. शास्त्रज्ञ तिला पेशीबाह्य आधारद्रव्य म्हणतात. आपण जाळीच म्हणू. या जाळीतला मुख्य धागा कोलाजेन नावाचा. त्याचे तीन पदर एकमेकांभोवती पिळलेले असतात, ही रचना १९५४-५५ साली मद्रास विद्यापीठात गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी मांडली. आपल्याकडे तीन पदरी दोर वळतात, त्याच जातीची ही गोष्ट.

आता आपली नेहमीची बाज डोळ्यांपुढे आणा. बाजेच्या एका टोकाला माणूस बसला की दुसऱ्या टोकाची दोरीही ताणते, आणि तिथे निजलेल्या मुलाला कळते की कोणी तरी बसले. पेशीचे तसेच आहे. ती जाळीवर नुसती पडून नसते. ती धागे धरते आणि ओढते. १९८० साली अल्बर्ट हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी रबराच्या अगदी पातळ पापुद्र्यावर पेशी ठेवल्या, तेव्हा त्या पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. डोळ्यांना न दिसणारा जीव, पण त्याच्या ओढीच्या सुरकुत्या सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसल्या.

पेशी जाळीला ओढते, तशी जाळीही पेशीला घडवते. २००६ साली अमेरिकेत अॅडम एंग्लर, शमिक सेन, डेनिस डिशर व त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी घेतल्या. काही पेशी मेंदूइतक्या मऊ थरावर ठेवल्या, काही स्नायूइतक्या घट्ट थरावर, काही त्याहून ताठ थरावर. मऊ थरावरच्या मज्जापेशींच्या वळणावर गेल्या, मधल्या थरावरच्या स्नायूंच्या, ताठ थरावरच्या हाडाच्या. पेशी तीच, बाकीचे पोषणही तेच. फरक पायाखालच्या जमिनीचा. यांतले शमिक सेन पुढे पवईच्या आय.आय.टी.त प्राध्यापक झाले. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

आता धूळ आत येऊ द्या. गारगोटीचा अतिबारीक कण वायुकोशापर्यंत पोचतो. तिथे पहारा करणारी भक्षक पेशी त्याला गिळते. जंतू असता तर पचला असता. दगड पचत नाही. पहारेकरी मरतो, कण पुन्हा मोकळा होतो, दुसरा पहारेकरी त्याला गिळतो. या गडबडीत “इथे जखम आहे” असे रासायनिक संदेश सुटतात. ते ऐकून तंतुजनक पेशी कामाला लागतात व धागे विणू लागतात. त्यांतल्या काही पेशी स्नायूसारख्या बळाने जाळी आवळतात. अशा पेशी जखमांमध्ये जुलियो गाब्बियानी व सहकाऱ्यांनी १९७१ साली दाखवल्या. हाताला कापले तर याच पेशी जखम ओढून मिटवतात, म्हणजे त्या शत्रू नव्हेत. पण फुफ्फुसात त्यांनी भिंत आवळली की पिशवी फुगत नाही.

यापुढची गोष्ट कळली, तेव्हा आम्हांस त्या साहेबांचे उत्तर सापडले. २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी उंदरांच्या फुफ्फुसांचे मोजमाप केले. व्रण पडलेले फुफ्फुस निरोगी फुफ्फुसापेक्षा सुमारे सहापट ताठ निघाले. आणि तंतुजनक पेशी मऊ थरावर शांत राहतात, पण तितक्या ताठ थरावर ठेवल्या की त्या वाढू लागतात व अधिक धागे विणतात, असेही त्यांना आढळले. म्हणजे पेशी जाळी ताठ करते, आणि ताठ जाळी पेशीला आणखी कामाला जुंपते.

याचा हिशेब आपण करून पाहू. आकडे आमचे आहेत, केवळ समजुतीसाठी. समजा, निरोगी जाळीत दिवसाला १० धागे नवे पडतात व १० जुने काढले जातात. जमाखर्च बरोबर. धूळ आली आणि रोज १२ पडू लागले. महिन्याला ६० धागे जास्त झाले. आता माणसाने काम सोडले. जाळी थोडीच ताठ झाली असेल, तर पेशी शांत होऊन पुन्हा १० वर येतील, आणि तेथेच थांबेल. पण ताठरपणा एका मर्यादेपलीकडे गेला असेल, तर त्या पेशी १२ वरच राहतील, किंवा १३ वर जातील. त्यात गिळलेला दगड आतच आहे, तो संदेश सोडतच आहे. सावकाराच्या दारी जाणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायला नको. नवे कर्ज काढणे थांबवले म्हणून जुन्या कर्जावरचे चक्रवाढ व्याज थांबत नाही.

हा हिशेब पाटीवर मांडता येतो, कारण आम्ही एकच पेशी व एकच जाळी धरली. प्रत्यक्षात पेशी असंख्य, धागे असंख्य, आणि प्रत्येकाची ओढ दुसऱ्याला लागते. म्हणून संगणक लागतो. १९८३ साली जॉर्ज ऑस्टर, जेम्स मरे आणि आपले ते रबराचे पापुद्रेवाले हॅरिस यांनी पेशींची ओढ व जाळीचा ताण यांची समीकरणे मांडली. १९९२ साली फ्रांस्वा ग्रानेर व जेम्स ग्लेझियर यांनी वेगळी रीत काढली. सारीपाटासारखा चौकटींचा पट घ्यायचा. काही चौकटी मिळून एक पेशी. पेशीने फार फुगणे, फार आकसणे, शेजाऱ्याला चिकटणे, या प्रत्येक गोष्टीला किंमत लावायची. मग संगणक एकेक चौकट एका पेशीकडून शेजारच्या पेशीकडे देऊन पाहतो. एकूण किंमत उतरली तर ती चाल पक्की, चढली तर क्वचितच मान्य. अशा लाखो चाली झाल्या की पटावरच्या पेशी हलू लागतात, गट करू लागतात. त्या वेळी कोणी त्यांना हुकूम दिलेला नसतो.

आपल्या महाराष्ट्रात हे काम पवईला चालते. शमिक सेन, तेथीलच स्थापत्य अभियांत्रिकी विभागाचे मंदार इनामदार व त्यांचे सहकारी यांनी २०१६ साली असे एक गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. पूल व इमारती यांचे बळ मोजणारे शास्त्र पेशीचे बळ मोजायला आले, याचे आम्हांस फार कौतुक वाटते. त्यांचा विषय सिलिकोसिस नव्हे, कर्करोग. कर्करोगाची पेशी जाळी कापणारे द्रव्य सोडते व वाट काढते. जाळीची दाटी किती, कापणारे द्रव्य किती सुटते, ते किती दूर पसरते, पेशी किती चालते, हे सारे एकत्र धरून त्यांनी हिशेब केला. निघाले ते असे की, धागे अस्ताव्यस्त असतील तर एकट्या पेशीपेक्षा एकमेकींना धरून चालणाऱ्या पेशी अधिक सहज पुढे सरकतात. आणि धागे एका दिशेने लागलेले असतील तर जाळी न कापताही वाट मिळते. संघटनेचा नियम कर्करोगालाही ठाऊक असावा, हे वाचून आम्ही काही काळ खिन्न झालो. पण नियम कळला तरच तो मोडण्याची जागा कळते.

या प्रतिमानांची मर्यादाही सांगितली पाहिजे. नकाशा म्हणजे गाव नव्हे. किंमत चुकीची लावली तर उत्तर चुकीचे येते, आणि संगणक ते चूक आहे असे सांगत नाही. म्हणून पटावरचे उत्तर प्रयोगशाळेत ताडून पाहावे लागते. शिवाय अमुक माणसाचा दम अमुक कारखान्यामुळे, हे कोणतेही प्रतिमान सिद्ध करीत नाही. त्याला छातीचा एक्स-रे, जाणता डॉक्टर आणि कामाचा पुरावाच लागतो. औषधाचे म्हणाल, तर फुफ्फुसाच्या दुसऱ्या एका व्रणरोगावर अमेरिकेत २०१४ साली दोन औषधे मान्य झाली. ती व्रणाची चाल मंद करतात, पडलेला व्रण पुसत नाहीत.

मग या साऱ्याचा आपल्याला उपयोग काय? पहिला असा की, “काम सोडून इतकी वर्षे झाली” हा आक्षेप यापुढे आपण निमूटपणे ऐकून घेऊ नये. काम सुटल्यावर रोग वाढतो, हा या रोगाचा स्वभावच आहे, आणि त्याचे कारण आता बरेचसे कळले आहे. दुसरा असा की, मर्यादा ओलांडण्यापूर्वी जो थांबला तोच वाचण्याची आशा अधिक. म्हणून दगडावर पाणी मारून काम करणे, धूळ जागीच ओढून घेणारे यंत्र बसवणे, हा खर्च माणूस खोकू लागल्यावर नव्हे, पहिल्या दिवशी झाला पाहिजे. तोंडाला बांधलेल्या फडक्याने हे बारीक कण अडत नाहीत. तिसरा असा की, मदत माणूस जिवंत असताना मिळाली पाहिजे. राजस्थानने २०१९ साली धोरण करून रोगाचे प्रमाणपत्र मिळताच मदत देण्याची सोय केली. तशी मागणी आपणही लावून धरली पाहिजे.

आणि एक काम तर आजपासून होण्यासारखे आहे. या होळीला जी माणसे घरी आली आहेत, त्यांना घरोघरी विचारा: कुठे काम केले, किती महिने, दगड कोरडा होता की ओला, मुकादम कोण. वहीत लिहून तारीख घाला. आमच्या सहकाऱ्याजवळ असा एकही कागद नव्हता, आणि आमच्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर आम्ही उशिरा का होईना मिळवले. कागद मात्र वेळेवरच करावा लागतो. वह्या आम्ही बरोबर आणल्या आहेत. सभा संपल्यावर ज्यांना हव्या त्यांनी घेऊन जाव्यात.