खेळातील यशापयशाची कारणे आणि माहिती जमविण्याच्या रीती
(शिक्षकांपुढील व्याख्यान)



शिरूर तालुक्यातील कारेगाव हे पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील गाव. त्याला लागूनच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. अशा गावाच्या शाळेत पिढीजात शेतकऱ्याचे मूल आणि पोटासाठी मराठवाड्यातून, विदर्भातून अथवा उत्तरेकडून आलेल्या कामगाराचे मूल एकाच पट्टीवर शेजारी बसते. एकाच्या दारात दुभते जनावर असते, तर दुसऱ्याचे बिऱ्हाड भाड्याच्या एका खोलीत असते. धावण्याची शर्यत लागली की एक पुढे जातो, दुसरा मागे पडतो. असे का झाले, या प्रश्नाला 'हा मुळातच चपळ' किंवा 'त्याच्या अंगात दम नाही' असे उत्तर चटकन दिले जाते. ते उत्तर नोंदवहीत उतरते आणि पुढे वर्षानुवर्षे त्या मुलाची पाठ सोडीत नाही. केंद्राच्या स्पर्धेस किंवा क्रीडा प्रबोधिनीच्या निवड-चाचणीस कोणाची नावे पाठवावयाची, हे पुष्कळदा अशाच नोंदीवरून ठरते. म्हणून कारणांचा निर्णय करण्यापूर्वी, ज्या माहितीवरून तो करावयाचा ती कशी जमविली, हे तपासणे अवश्य आहे.

माहिती जमविण्याच्या रीती मुख्यतः चार आहेत: मोजमाप, निरीक्षण, विचारपूस आणि शाळेचे दप्तर. प्रत्येक रीतीस दोन प्रश्न विचारावेत. जे जाणावयाचे आहे तेच हिने कळते काय? ही तिची सप्रमाणता. दुसऱ्या दिवशी किंवा दुसऱ्या शिक्षकाने तेच काम केले तर उत्तर तेच येते काय? ही तिची विश्वसनीयता.

प्रथम मोजमाप. आकडा दिसावयास निर्विवाद दिसतो. पण तो हाताने घेतलेला असतो. ५० मीटरच्या धावण्यात आरंभरेषेवर शिटी वाजली, तर ध्वनी शेवटच्या रेषेवर उभ्या असलेल्या शिक्षकापर्यंत पोहोचण्यास सेकंदाचा सुमारे सातवा हिस्सा लागतो. घड्याळ तेवढे उशिरा सुरू होते आणि मूल आहे त्याहून वेगवान ठरते. बोटाने कळ दाबण्यास लागणारा वेळ आणखी वेगळा. याचसाठी हातघड्याळाच्या वेळेची विद्युत-यंत्राच्या वेळेशी तुलना करताना १०० मीटरच्या शर्यतीत ०.२४ सेकंद मिळविण्याचा प्रघात पडला. यावर उपाय साधे आहेत. शिटीऐवजी निशाण खाली पाडावे. दोन घड्याळे लावावीत, व ती जुळली नाहीत तर मैदानी खेळांच्या नियमाप्रमाणे जास्त वेळ ग्राह्य धरावी. वेळ, जमीन, पायांतील जोडे व जेवणानंतरचे अंतर ही सर्वांस सारखी असावीत. घाटातील बैलगाड्यांची बारी किती सेकंदांत झाली, यावर गावोगाव किती काटेकोरपणे वाद होतो! तेवढ्याच काटेकोरपणाचा हक्क मुलाच्या ५० मीटरलाही आहे.

मोजमाप दोन निरनिराळ्या दिवशी घ्यावे. एकाच मुलाच्या दोन वेळांत जेवढा फरक पडतो, त्याहून कमी फरक दोन मुलांत असेल तर त्यांत पहिला-दुसरा ठरविण्यास आधार नाही. शिवाय ५० मीटरवरून वेग कळतो, दम कळत नाही. 'खेलो इंडिया'च्या शालेय क्षमता-चाचणीत ६०० मीटरची धाव वेगळी ठेवली आहे, ती म्हणूनच.

दुसरी रीत निरीक्षणाची. शिक्षक मुलास रोज पाहतो, हे तिचे बळ. आणि त्याचे मत आधीच बनलेले असते, हा तिचा दोष. अभ्यासात हुशार असलेले, नीटनेटके मूल मैदानातही चपळ भासते. 'चांगला खेळतो' हा अभिप्राय झाला, माहिती नव्हे. खो-खोच्या गुणपत्रकात खेळाडू किती वेळ पळत राहिला हे लिहिले जाते. ती माहिती होय. जे पाहावयाचे ते आधी शब्दांत नेमके करावे, दोन शिक्षकांनी स्वतंत्र नोंद करावी आणि मग ताडून पाहावे. नोंदी जुळल्या नाहीत तर मुलास दोष न देता व्याख्या सुधारावी. कोणी पाहत आहे हे कळताच मुले निराळी वागतात. यास्तव पहिल्या दिवसाची नोंद हिशेबात धरू नये.

तिसरी रीत विचारपुशीची. आहार, झोप आणि घरचे काम यांचे ज्ञान दुसऱ्या कोणत्याही रीतीने सहजी होत नाही. पण 'रोज दूध पितोस ना?' असे विचारल्यास शिक्षकांस आवडेल तेच उत्तर येते. त्याऐवजी 'काल सकाळपासून झोपेपर्यंत काय काय खाल्ले?' असे विचारावे, आणि तेही तीन दिवशी, ज्यांत एक दिवस सुट्टीनंतरचा असेल. घरातील कोणी रात्रपाळीस जात असल्यास झोपेचा प्रश्न पाळी बदलल्यावर पुन्हा विचारावा. हे प्रश्न एकट्या मुलास, हळुवारपणे विचारावेत. कोणाचे वजन वा घरची उणीव वर्गात मोठ्याने वाचली गेली, तर ते मूल पुढे खरे सांगणार नाही. आणि त्याचा अपमान होईल तो वेगळाच.

चौथे साधन दप्तर. ते हाताशी असूनही फारसे उघडले जात नाही. शालेय स्पर्धांचे वयोगट १ जानेवारीच्या हिशेबाने ठरतात. जानेवारीत जन्मलेले व त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेले मूल एकाच गटात येते. नऊ-दहा वर्षांच्या वयात अकरा महिन्यांचे अंतर म्हणजे आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. कॅनडातील बर्फावरच्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा १९८५ साली तपासल्या गेल्या, तेव्हा वर्षारंभीच्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसून आली. ज्यास गुण समजले गेले त्यात वयाचाही वाटा होता. म्हणून प्रत्येक वेळेपुढे मुलाचे वय वर्षे व महिने असे लिहावे. मात्र दप्तरातील जन्मतारीख अंदाजाने लिहिलेली असू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

एकाच रीतीवर विसंबण्यातील धोका खाशाबा जाधव यांच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले. केवळ निकालाचा आकडा पाहणारा म्हणेल, ताकद कमी पडली. परंतु मातीत घडलेल्या या मल्लास तेथे गादीवर, अपरिचित नियमांनी लढावे लागले होते. वजनकाट्यावर वा घड्याळावर हे कारण दिसले नसते. लढत पाहणाऱ्यास आणि मल्लास विचारणाऱ्यासच ते कळले असते. १९५२ साली हेलसिंकी येथे त्याच खाशाबांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

तात्पर्य, शिक्षकाने प्रत्येक मुलासाठी एक पान राखावे. मोजलेले, पाहिलेले, विचारलेले व दप्तरातील अशी चार घरे शाईने भरावीत. कारणाचे पाचवे घर मात्र शेवटी आणि पेन्सिलीने भरावे. निदान दोन घरे एकच गोष्ट सांगत असल्यावाचून ते भरूच नये. मागे पडलेल्या मुलाचे कारण अपुरी झोप, उपाशी सकाळ, सरावाचा अभाव अथवा केवळ सात-आठ महिन्यांचे वय असू शकते. यांपैकी काही कारणांवर शाळेस इलाज करता येतो, काहींवर काळच इलाज करतो. पण 'अंगात दम नाही' असा शेरा एकदा पडला म्हणजे इलाज शोधण्याचेच राहून जाते. तो शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलास आणखी एका सकाळी, पोटभर न्याहारीनंतर, दोन घड्याळे लावून धावू द्यावे.