प्राकृत-शिक्षणासाठी सामूहिक सौजन्य



दि. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबरच प्राकृतलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला. घराघरांत नित्य उच्चारला जाणारा नमस्कार महामंत्र याच भाषेतील आहे. तथापि पाठशाळेतील बालके सूत्रे मुखोद्गत करतात आणि अर्थ विचारला असता मौन धारण करतात. दोष बालकांचा नाही. अर्थ सांगणारा शिक्षकच दुर्मिळ झाला आहे.

वस्तुतः मराठी मुलास प्राकृत परकी नाही. हत्थ म्हणजे हात, दुद्ध म्हणजे दूध, कम्म म्हणजे काम. परंतु असे शिकविण्याची पद्धत प्रथम शिक्षकास अवगत हवी. पाठशाळा सांभाळणाऱ्या अनेक भगिनींना घरसंसार सोडून परगावी शिक्षणास राहणे शक्य नसते. ऑनलाइन प्रशिक्षणवर्गाने ती अडचण दूर होते. मात्र शुल्क, पुस्तके व इंटरनेट यांचा भार विनामूल्य सेवा करणाऱ्या शिक्षिकेवर टाकणे न्याय्य नव्हे.

यास्तव दहा कुटुंबांनी मिळून एका शिक्षिकेचा खर्च उचलावा. कोणा एका दात्यावर ओझे पडणार नाही आणि कार्यही खंडित होणार नाही. शिक्षिकेने त्यानंतर किमान एक वर्ष पाठशाळेत अर्थासह अध्यापन करावे. जमाखर्च वार्षिक सभेत वाचला जावा.

आहार, औषध, अभय व ज्ञान ही चार दाने शास्त्रांनी सांगितली आहेत. भोजनशाळा व औषधोपचारासाठी समाजाचा हात सदैव मोकळा राहिला आहे. सुवर्णमहोत्सवी वर्षात तो ज्ञानदानासाठीही तितकाच मोकळा व्हावा, ही नम्र विनंती.

जय जिनेन्द्र!