रुग्णालयातील जनित्र : मालमत्ता की सेवा?



31 जुलै 2012 रोजी देशाच्या उत्तर, पूर्व व ईशान्य विभागांतील वीजजाळी एकाच दिवशी कोलमडली. सुमारे 60 कोटी लोकसंख्येचा प्रदेश त्यामुळे बाधित झाला. अशा वेळी रुग्णालयांची भिस्त डिझेल जनित्रांवर असते.

जनित्राच्या खर्चाची दोन अंगे लक्षात घ्यावीत. खरेदी हा भांडवली खर्च होय. तो एकदाच होतो व मालमत्तेच्या नोंदवहीत दिसतो. डिझेल, दुरुस्ती, नियमित चाचणी व चालकाचे वेतन हा आवर्ती खर्च होय. त्याची तरतूद अपुरी राहिली, तर नोंदवहीत जनित्र असते. शस्त्रक्रियागृहात मात्र वीज नसते.

जनित्राची जागाही तितकीच महत्त्वाची आहे. डिसेंबर 2015 च्या चेन्नईतील महापुरात एका मोठ्या रुग्णालयाच्या जनित्रांपर्यंत पाणी पोहोचले आणि अतिदक्षता विभागातील रुग्णांना अन्यत्र हलवावे लागले. शिवाय, जनित्र सुरू होईपर्यंतचे काही क्षण श्वसनयंत्रांना बॅटरीचा आधार लागतोच.

छत्तीसगडमध्ये शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसविण्यात आले. तेथे इंधनखर्च वाचतो. परंतु ठरावीक वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतात. म्हणजे तंत्रज्ञान बदलले, तरी आवर्ती तरतुदीची गरज संपत नाही.

म्हणून पायाभूत सुविधांचे मूल्यमापन करताना किती जनित्रे बसविली, एवढेच पाहू नये. वीज गेल्यानंतर उपचार किती काळ अखंड चालू राहिले, हाच खरा निकष आहे.