राजा पुढे, प्यादे मागे

२८ जुलै २०२५. जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिला बुद्धिबळ विश्वचषकाची अंतिम लढत रंगली होती. एका बाजूला नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला अनुभवी कोनेरू हम्पी. दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले, पहिला रॅपिड डावही बरोबरीत. दुसऱ्या रॅपिडमध्ये वेळ कमी उरली, एंडगेममध्ये, म्हणजे मोजकी मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, हम्पीकडून चूक झाली आणि दिव्याने बाजी मारली. विश्वचषकासोबत ग्रँडमास्टर किताबही तिच्या पदरात पडला. तरीही जिंकल्यावर ती म्हणाली, एंडगेम मला अजून शिकायला हवा.

ऋचा पुजारीसारखी महिला इंटरनॅशनल मास्टर घडवणाऱ्या आपल्या कोल्हापुरातल्या मुलांनी हे मनावर घ्यावे. ओपनिंगच्या खेळ्या तोंडपाठ असतात, पण एक प्यादे जास्त असूनही डाव हातून निसटतो.

घरी पट मांडा. पांढरा राजा ई ६ वर, प्यादे ई ५ वर, समोर काळा राजा ई ८ वर. खेळी कोणाचीही असो, पांढरा जिंकतो. आता राजा आणि प्यादे यांची अदलाबदल करा: प्यादे ई ६ वर, राजा ई ५ वर. काळ्याने अचूक बचाव केला, तर डाव बरोबरीतच सुटतो. फरक एवढाच, की पहिल्या मांडणीत राजा स्वतः वाट मोकळी करतो. वजीर पटावर असताना राजाला जपायचे. वजीर गेले, की त्याला मैदानात उतरवायचे.

हत्तींच्या एंडगेममध्ये हत्ती सहसा पुढे निघालेल्या प्याद्याच्या मागे ठेवा, मग ते आपले असो वा प्रतिस्पर्ध्याचे. आपले प्यादे जसे पुढे सरकते, तशी मागच्या हत्तीला जागा वाढत जाते. आणि घाई नको. प्रतिस्पर्ध्याला प्रतिहल्ला करता येत नसेल, तर आधी आपले प्रत्येक मोहरे योग्य घरी आणा, मगच प्यादे पुढे ढकला. ढकललेले प्यादे मागे घेता येत नाही.

विश्वविजेता कापाब्लांका एंडगेमचा अभ्यास आधी करायला सांगत असे. कारण उघड आहे: पटावर मोहरी मोजकीच असली, की प्रत्येकाची खरी ताकद कळते. पालकांनो, मुलाने डाव जिंकला की हरला एवढेच विचारू नका. शेवटची मांडणी पुन्हा पटावर लावा आणि विचारा, इथे राजा कुठे असायला हवा होता?