वाळूवरील अंडी आणि ईर्यासमिती



भगवान नेमिनाथांचे चरित्र जैन घरातील प्रत्येक बालकास ठाऊक असते. वरातीत असता, मेजवानीसाठी कोंडलेल्या पशूंचा आक्रोश त्यांच्या कानी पडला आणि त्यांनी रथ माघारी वळविला. त्यांचे जन्मस्थान शौरीपूर हे आग्रा जिल्ह्यातील बाह तालुक्यात यमुनेकाठी आहे. त्याच तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून चंबळ नदी वाहते. तेथील वाळवंटातही दर उन्हाळ्यात मुक्या जीवांचा आक्रोश उठतो. तो ऐकणारे मात्र थोडे.

पाणचिरा हा पक्षी चंबळच्या वाळूच्या बेटांवर अंडी घालतो. घरटे म्हणजे वाळूतील उथळ खळगा. अंड्यांचा रंग वाळूसारखाच. पाऊल पडेपर्यंत ती दिसत नाहीत. माणूस जवळ आला की पक्षी उडतात आणि उघडी अंडी तळपत्या उन्हात करपतात. पाणी ओसरून बेट काठाला जोडले गेले की कुत्री, कोल्हे व गुरे सरळ वसाहतीत शिरतात. २०२० पासून हा पक्षी जागतिक यादीत 'संकटग्रस्त' गणला जातो. प्रौढ पक्ष्यांची संख्या तीन हजारांहूनही कमी असल्याचा अंदाज आहे. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तेथे काठावरील ग्रामस्थांनाच घरट्यांचे राखणदार नेमले, हे स्तुत्य होय.

येथे श्रावकाच्या विवेकाची कसोटी लागते. भुकेल्या श्वानास भाकरी घालणे ही जीवदयाच. परंतु तीच भाकरी नदीकाठी टाकली, तर श्वानांचे कळप तेथेच स्थिरावतात आणि अंड्यांवर तुटून पडतात. दोष श्वानाचा नव्हे. तो आपल्या स्वभावानुसार वागतो. जागा चुकते ती दात्याची. अन्नदान वस्तीत व्हावे, निर्बीजीकरण व लसीकरण यांस साहाय्य व्हावे, म्हणजे एकाची दया दुसऱ्याचा घात ठरणार नाही.

मुनिराज चार हात भूमी न्याहाळून पाऊल टाकतात, तीच ईर्यासमिती. यात्रेकरूने विणीच्या काळात वाळूच्या बेटावर उतरू नये, पक्षी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागताच मागे फिरावे, ही गृहस्थाची ईर्यासमिती होय. महाराष्ट्रातील माळावर टिटवीही उघड्या जमिनीवरच अंडी घालते. तिचा टाहो अपशकुन नसून मातेची विनवणी आहे.

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक यात्रासंघाने एवढा नियम घेतला, तरी नेमिप्रभूंचा वळविलेला रथ सार्थकी लागेल.

जय जिनेंद्र!