गस्तीची विजेरी

परभणी जिल्ह्यांत गोदावरीच्या खोऱ्यांत वसलेलें पालम हें तालुक्याचें गांव आहे. तेथील पोलीस शिपाई रात्रीं गस्तीला निघाला म्हणजे गांवचे दिवे लवकरच मागें पडतात आणि पुढें उरतो तो काळ्या मातीच्या शिवाराचा अंधार. या शिपायाच्या खिशांत कोणती विजेरी असावी, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न लहान दिसतो. परंतु तिच्या झोतांत जो माणूस उभा राहतो, त्याच्या बाजूनें पाहिलें तर तो लहान नाहीं.

विजेरी आणि पोलीस यांचें नातें जुनें आहे. डेव्हिड मिसेल यांच्या नळीच्या आकाराच्या विजेरीला अमेरिकेंत १८९९ सालीं पेटंट मिळालें, आणि आरंभींच्या कांहीं विजेऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना वापरून पाहण्यासाठीं दिल्या गेल्या. त्या काळचे सेल इतके दुर्बळ कीं प्रकाश क्षणभरच टिके. आज अडचण नेमकी उलट आहे. अकासाकी, आमानो आणि नाकामुरा या शास्त्रज्ञांना ज्या निळ्या एलईडीबद्दल २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें, तिच्यामुळें पांढरा एलईडी दिवा शक्य झाला, आणि मुठींत मावणारी विजेरीही आतां समोरच्याचे डोळे दिपवूं शकते.

दुकानदार प्रथम ल्यूमेनचा आंकडा सांगतो. ल्यूमेन म्हणजे बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती दूर पोंचेल हें कॅन्डेलावरून ठरतें. प्रचलित मोजणींत जेथें पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा उजेड उरतो, तेथपर्यंत झोताचा पल्ला धरतात. या हिशेबानें १०,००० कॅन्डेलाचा पल्ला २०० मीटर होतो. तो दुप्पट करावयाचा तर चौपट, म्हणजे ४०,००० कॅन्डेला लागतात. पण चांदण्यांत दूरवर कोणी उभें आहे एवढेंच कळतें. तो कोण हें कळत नाहीं. तासांच्या आंकड्याचेंही तसेंच आहे. प्रकाश आरंभींच्या एक दशांशावर उतरेपर्यंतचा सारा काळ त्यांत मोजलेला असतो. शिवाय पूर्ण तेजावर लहान विजेरी तापते व आपोआप मंद होते. मे महिन्यांत जेथें पारा ४० अंशांपुढें जातो, तेथें हें विशेष लक्षांत ठेवावें. म्हणून मध्यम तेजावर ती किती तास टिकते, हें विचारावें.

आतां त्या झोतांतील माणसाकडे वळूं. शेतीपंपांना अनेक वर्षें पाळीपाळीनें रात्रींची वीज मिळत आली आहे. त्यामुळें मध्यरात्रीं बांधावर दिसणारा इसम बहुधा पिकाला पाणी देणारा शेतकरी असतो. अंधाराला पुरते सरावण्यास डोळ्यांना वीस-तीस मिनिटें लागतात. प्रखर झोतानें ती सवय एका क्षणांत मोडते. पोलीस निघून जातात, आणि तो गृहस्थ मण्यार फिरते अशा वाटेनें आंधळ्यासारखा चांचपडत राहतो. त्यांत पोलिसांचाही लाभ नाहीं. डोळे दिपलेला माणूस हात चेहऱ्यासमोर धरतो. म्हणजे जो चेहरा आणि जे हात पाहावयाचे, तेच झांकले जातात. म्हणून पहिल्या दाबाला सौम्य, पसरट प्रकाश देणारी विजेरी निवडावी, आणि तो प्रकाश प्रथम समोरच्याच्या हातांवर टाकावा. दूरचा झोत दुसऱ्या, जाणूनबुजून केलेल्या दाबाला यावा. लुकलुकणारा प्रकाश त्याच कळीवर नसलेला बरा.

दुसरी गोष्ट रंगाची. रात्रींच्या गुन्ह्यांत कोणत्या उजेडांत आणि किती अंतरावरून ओळखलें, हा प्रश्न न्यायालयांत विचारला जातो. हलक्या प्रतीच्या निळसर प्रकाशांत तपकिरी व काळा किंवा निळा व हिरवा यांत घोटाळा होऊं शकतो, आणि सदऱ्याच्या चुकलेल्या रंगानें संशय भलत्याच माणसावर जातो. यास्तव रंगदर्शनाचा निर्देशांक ९० च्या आसपास असलेला दिवा मिळाल्यास, थोडें तेज कमी पडलें तरी तोच घ्यावा.

बाकीच्या गोष्टी सोप्या आहेत. विजेरी चार-पांच इंच लांब असावी, म्हणजे एक हात मोकळा राहतो. कळ अंधारांत अंगठ्याला सांपडावी. आयपीएक्स-७ ही खूण असेल, तर एक मीटर पाण्यांत अर्धा तास राहूनही ती बिघडूं नये. १८ मिलिमीटर जाड व ६५ मिलिमीटर लांब असा पुन्हां भारतां येणारा लिथियम सेल चांगला; मात्र तो उन्हांत तापलेल्या गाडींत ठेवूं नये. सोबत किराणा दुकानांतही मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारी एक लहान विजेरी दुसऱ्या खिशांत असावी. कारण पहिली विझण्याची वेळ सांगून येत नाहीं.

गस्त गांवाला निर्धास्त झोंप यावी म्हणून असते. जिच्या उजेडांत चोर ओळखतां येतो आणि निरपराध माणूस आपल्या वाटेनें सुखरूप घरीं जातो, तीच विजेरी गस्तीच्या कामाची.